चावायचं राहून गेलं

आम्रपालीची अन्ननलिका जन्मतःच अर्धवट होती. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून ती जोडली. तेव्हापासून चार वर्षं तिची आई सुकेशनी सगळं मिक्सरमधून काढूनच भरवत आली.

"काहून चावू देत नाही वं तिले?" सासू विचारायची.

"अन् अडकलं तं?" सुकेशनीचं एवढंच उत्तर.

आज रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला बिस्किट दिलं. तिने ते नुसतं गालात धरून ठेवलं.

"नळी केव्हाच ठीक झाली," बाई म्हणाल्या. "चावायला शिकायचं वय मात्र निघून गेलं. आता फार अवघड आहे."

घरी परतताना काटोलच्या बसमध्ये सुकेशनीने संत्रं सोललं. पोरीने सवयीने आ केला. सुकेशनीचा हात तिच्या ओठांपाशी थांबला. मग तिने ती फोड स्वतःच बारीक चावली आणि बोटाने पोरीच्या जिभेवर ठेवली.