देल्मिराने शर्ट धुतला

देल्मिराला फुटबॉल कळतो की नाही, असा प्रश्न फारोल क्लबात कुणी विचारत नसे, कारण तिला कुणी काही विचारतच नसे. एकतीस वर्षं ती क्लबाचे डाळिंबी शर्ट धूत होती. खेळ तिला कपड्यांवरून कळायचा. कुणाच्या गुडघ्याला गवताचा डाग, कुणाच्या पाठीला चिखल, कुणाची कॉलर ओढाओढीत फाटलेली. सोमवारी सकाळी दोन टोपल्या उपसल्या की अख्खा सामना तिच्यापुढे उभा राहायचा. यंदा मात्र टोपल्या बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. मागच्या पाचजणांचे कपडे चिखलाने लडबडलेले, आणि पुढे खेळणाऱ्या एकुलत्या एक फॉरवर्डचा शर्ट असा स्वच्छ, की नुसती घडी घालून परत द्यावा.

"मास्तर, त्या माणसाला घाम तरी येऊ द्या हो," ती एकदा बारेइरो कोचला म्हणाली.

"तुमचं काम कमी झालं ना, दोन्या देल्मिरा? मग आभार माना." दोन्या म्हणजे बाईसाहेब; मान द्यायला पैसे पडत नाहीत.

बारेइरोचा मंत्र एकच. गोल खाल्ला नाही तर हरणार कसे? खरंच आहे. जेवायलाच बसलं नाही तर अंगावर आमटी सांडणार कशी! सात सामने झाले, सातही शून्य-शून्य. स्टँडात लोक काखेत गरम पाण्याचा थर्मास धरून माते नावाचा कडू पाल्याचा चहा प्यायचे आणि घशाला कोरड पडेस्तोवर कोचला शिव्या घालायचे. त्यात सगळ्यांत चढा आवाज देल्मिराच्या नवऱ्याचा, एल्बिओचा. "अरे भेकडांनो, मधली रेघ ओलांडायला व्हिसा लागतो का?" हा त्याचा प्रश्न दर शनिवारी पार रेल्वेफाटकापर्यंत ऐकू जायचा.

पण शिव्या घालणारा हाच एल्बिओ दर सामन्याला त्याच पायरीवर, खांबाला डावा खांदा टेकवूनच बसायचा, कारण पहिल्या शून्याला तो तसा बसला होता. अशा गोष्टींना आमच्याकडे कुणी हसत नाही. म्हणूनच आपल्यावर गोल होत नाही तोवर गोलकीपरचा शर्ट धुवायचा नाही, असं बारेइरोने बजावलं, तेव्हा देल्मिरानेही मान डोलावली. गोलकीपर यामांदू छत्तीस वर्षांचा, दोन बोटं मोडून वाकडी झालेली. त्याचा शर्ट धुण्याच्या खोलीत खिळ्याला लटकायचा. वास असा, की क्लबाचं कुत्रं दारातूनच माघारी फिरायचं.

गटात सगळेच क्लब बरोबरीत अडकलेले, त्यामुळे शेवटचा सामना जिंकला तर फारोल बावीस वर्षांनी वरच्या गटात जाणार होता. बरोबरीने भागणार नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि गुरुवारच्या सरावात टॉवेल वाळत घालताना देल्मिरा बघते तर काय, पुन्हा पाचजण मागे! तिथेच तिचं डोकं फिरलं. जोवर हे शून्य शाबूत आहे तोवर हा माणूस पुढे पाऊल टाकायचा नाही. एकदा आपल्यावर लवकर गोल बसला, की झक मारत पुढे जावं लागेल. तिने दाराला कडी घातली, खिळ्यावरचा शर्ट काढला, साबण लावला आणि सात सामन्यांचा मळ तीन पाण्यांत काढला. वर इस्त्रीही केली. नवऱ्याला अवाक्षर बोलली नाही.

शनिवारी बाराव्या मिनिटाला कॉर्नरवरून फारोलवर गोल बसला. सगळं स्टँड कपाळाला हात लावून बसलं. त्या दिवशी एल्बिओशेजारी येऊन बसलेली देल्मिरा तेवढी सावरून बसली. आता जातील पुढे, आता तरी! बारेइरो उठला, त्याने खेळाडू बदलला. फॉरवर्डला बाहेर घेतलं आणि सहावा बचावपटू आत सोडला. एल्बिओने टोपी दातात धरली. क्लब सामना शून्य-एक असा हरला.

बुधवारी संध्याकाळी सभासदांची सभा भरली. कोचला काढायचा ठराव होता आणि तो पास होणार, यात कुणाला शंका नव्हती. तेवढ्यात बारेइरोने सामना संपताच ताब्यात घेतलेला यामांदूचा शर्ट पिशवीतून काढून टेबलावर टाकला.

"हुंगा," तो म्हणाला.

शर्ट रांगेरांगेतून फिरला. पांढऱ्या केसांची माणसं त्यात नाक खुपसून दीर्घ श्वास घेत होती.

"साबण!" कुणीतरी पुटपुटलं, आणि सभेचा नूरच पालटला.

"सामन्याच्या दिवशी हा शर्ट यामांदूकडे होता," बारेइरो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! "विचारा त्याला."

"मी नाही धुतला," यामांदू उठून म्हणाला. "माझ्या पोरीची शपथ. धुतलेलाच मिळाला, मी घातला."

"सात सामने मळका चालला, आणि नेमका शेवटच्याला वास आला होय रे तुला?" मागून कुणीतरी ओरडलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. गोलकीपरचा करार पुढे चालवायचा की नाही, याचाही विचार करावा लागेल, असं ते म्हणाले. छत्तिसाव्या वर्षी दुसरा कुठला क्लब त्याला उभा करणार होता? देल्मिराला सगळं स्वच्छ दिसत होतं. गप्प बसलं तर बारेइरो आज ना उद्या जाईलच, पण यामांदू आधी जाईल.

ती उठली. "मी धुतला. मुद्दाम धुतला. त्याला काही बोलू नका."

एल्बिओ वळला. "तू? अगं म्हातारे, माझ्या शेजारी बसून सामना बघितलास, आणि तू?"

"हो, मी! आठ सामन्यांत समोरच्यांच्या गोलवर चेंडू किती वेळा मारला, ते ह्या मास्तरांना विचारा ना! माझ्या साबणाने गोल खाल्ला असेल, पण सहावा माणूस मागे काय साबणाने उभा केला?"

बारेइरोने दोन्ही हात पसरले. "ऐकलंत? म्हणजे बचावात खोट नव्हती."

आणि माना डोलू लागल्या. ज्यांनी दर शनिवारी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, ती माणसं डोलू लागली. खरंच की, सात सामन्यांत एक गोल नाही! देल्मिरा ओरडत राहिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. कोचला आणखी एक वर्ष ठेवावं, यासाठी अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. एल्बिओचाही झाला, तिच्याकडे न बघता.

ती बाहेर आली. यामांदू मागून धावत आला आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "दोन्या देल्मिरा, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

तिला जरा बरं वाटलं. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पण खरं सांगू? धुवायला नको होता."