सात वेळा दिसलेलं बटण

शाळेत तिला सगळे पेन्सिल म्हणायचे. अंगानं काडी, आणि कानावर कायम पेन्सिल खोचलेली. तिची आई आमच्या शाळेचे गणवेश शिवायची. वडील पोस्टमन. मी शाळेतून निवृत्त झाले तरी ब्लाउज शिवायला त्यांच्याकडेच जात राहिले, त्यामुळे त्या घराशी ऋणानुबंध टिकला.

मोठी झाल्यावर पेन्सिल जवळची दुकानं दाखवणाऱ्या मोबाइल ॲपचे पडदे आखायच्या कामाला लागली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, जवळपास कुठे काय आहे ते फोनमध्ये असतंच. पण बोट कुठे लावायचं ते माणसाला न सांगता कळलं पाहिजे. तेवढंच माझं काम."

वडील तिला चिडवल्याशिवाय सोडायचे नाहीत. "तीस वर्षं मी अर्ध्या पत्त्यांवर माणसं शोधली. 'निळ्या दारासमोर' एवढंच लिहिलेलं पाकीटसुद्धा पोचवलं. आता दोन गल्ल्यांपलीकडचं दुकान शोधायला यंत्र हवं होय?"

"बाबा, सगळ्यांच्या घरी पोस्टमन नसतो."

"म्हणून तर वाट चुकतात!" असं म्हणून ते हसायचे, आणि हसता हसता खोकायचे. दमा जुना होता.

पेन्सिलची कामाची रीत मला फार आवडायची. आधी ती कागदावर फोनएवढे चौकोन आखी, त्यात बटणं काढी, आणि आईला शिवणयंत्रावरून उठवून समोर बसवी.

"समज, रविवार आहे. औषध हवंय. कुठे बोट लावशील?"

नियम असा की हिनं सांगायचं नाही आणि आईनं विचारायचं नाही. आई चष्मा पुसायची, वर बघायची, खाली बघायची, कापडावरून कात्री फिरवावी तसं बोट कागदावरून फिरवायची आणि नेमकं हवं तिथे टेकवायची. 'आत्ता उघडी' नावाचं एक लहान बटण खालच्या कोपऱ्यात होतं. ते दाबलं की बंद दुकानं यादीतून जात आणि उघडी तेवढी राहत. आईनं ते सात वेळा ओळखलं.

"तुझी आई बोर्डात आली गं!" वडील आतून ओरडले होते. मी तिथेच होते, बाहीचं माप देत.

कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं शंका काढली होती, "कोपऱ्यातलं बटण कुणाच्या नजरेला पडणार?" पेन्सिलनं त्याला गप्प केलं. "माझ्या आईला सात वेळा दिसलंय. सातवी शिकलेल्या, साठी उलटलेल्या बाईला दिसतं, तर कुणालाही दिसेल." बटण तिथेच राहिलं.

मग तो रविवार आला. पेन्सिल कामासाठी परगावी गेली होती. दुपारी वडिलांना धाप लागली. दम्याचा पंप दाबला तर रिकामा. घरातली औषधं तेच आणायचे, त्यामुळे आईला नेहमीचं एकच दुकान ठाऊक, आणि तिथे कुलूप. शेजारची मंडळी गावाला गेलेली. मुलीचा फोन लागेना. वडिलांना बोलवत नव्हतं. ते सारखे स्वयंपाकघराच्या खिडकीकडे हात करत होते. आईला वाटलं, वारा हवाय. तिनं खिडकी सताड उघडली, "आलेच हं मी," म्हणाली आणि फोन घेऊन धावली.

फोननं औषधांच्या दुकानांची यादी दाखवली, जुनी वर, नवी खाली. आईनं पहिल्यावर बोट ठेवलं, बाण दाखवेल तशी गेली. बंद. दुसरं, बंद. तिसरं बरंच लांब होतं, तेही बंद. शेवटी सायकल दुरुस्तीवाल्याला रडत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, नवीन दुकान उघडलंय की! तुमच्याच घरामागच्या गल्लीत." स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या दुकानाची पाटी दिसते.

ती पंप घेऊन परतली तोवर पाऊण तास गेला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी धाप कधी लागली ते विचारलं आणि कागदावर लिहिलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमन गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेले. पेन्सिल आईचा फोन हातात घेऊन बसली होती. त्यात ती तीन बंद दुकानं एकाखाली एक दिसत होती, आणि घरामागचं उघडं दुकान त्यांच्या बरंच खाली.

"आई, ते कोपऱ्यातलं बटण? तुला तर येत होतं ना?"

आई काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "तू समोर असलीस की येतं गं. बोट बरोबर जागी आलं की तुझा चेहरा फुलतो. मी तिथे थांबते."

पेन्सिलनं माझ्याकडे पाहिलं. फळ्यापाशी उभं केलेलं पोर उत्तर बाईंच्या डोळ्यांत शोधतं, हे चौतीस वर्षं पाहिलेली मी. आणि त्या खोलीत बसून मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

"आणि बटणावरची अक्षरं?" पेन्सिलनं विचारलं.

"फिकी आहेत गं, बारीकही. तुझं मन मोडेल म्हणून बोलले नाही." मग सुई थांबली. "नापास झाले मी. यांच्या वेळेला नेमकी नापास झाले."

महिन्याभरानं पुन्हा गेले, तेव्हा पेन्सिलनं नवा कागद आखला होता. बटण वर, ठळक. तिनं आपली खुर्ची आईच्या समोर न ठेवता पाठीमागे ठेवली.

"समज, रविवार आहे," ती म्हणाली. "औषध हवंय."

आईचं बोट कागदावर अधांतरी राहिलं. तिनं विचारलं, "इथे का गं?"

आईनं मान वळवली. पेन्सिलनं वही उघडून चेहऱ्यासमोर धरली.

आई क्षणभर त्या वहीकडे बघत राहिली. मग पुन्हा कागदाकडे वळली, चष्मा पुसला, आणि सुईत दोरा ओवताना वाकते तशी वाकून, बोटाखाली एकेक अक्षर धरत, मोठ्यानं वाचू लागली.