बापाच्या उत्पन्नाचा दाखला

दातांच्या लॅबमधल्या त्या बाईला सगळे 'बत्तिशी' म्हणत. बावीस वर्षं ती कवळ्या बनवत आली होती. मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का पाहायचा, मग घासून चकाकी आणायची. हात असा स्थिर, की अवघड काम आलं की मालक ते तिच्याच टेबलावर आणून ठेवी. त्या आठवड्यात मात्र तिने एका आजोबांच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. मालकाने नुसतं पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण घरचं होतं. लेकीला फार्मसीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पोरीने मार्क आणले, आता फी आणायची पाळी आईची. सोमवारी मायलेकी फीमाफीचा अर्ज घेऊन गेल्या, तर खिडकीवरच्या कारकुनाने तो परत सरकवला. मुलीच्या शिक्षणाचा निम्मा खर्च वडिलांनी करावा, असं घटस्फोटाच्या निकालात लिहिलं होतं. म्हणून वडिलांच्याही उत्पन्नाचा दाखला हवा होता, तोही शुक्रवारपर्यंत.

तिचा आधीचा नवरा फर्निचरच्या मोठ्या दुकानात मॅनेजर होता. सहा वर्षांपूर्वी वेगळे झाल्यापासून त्याचे पैसे कधी यायचे, कधी नाही. गेल्या वर्षभरात तर आलेच नव्हते. तिने फोन केला, त्याने उचलला नाही. निरोप पाठवला, तर 'बघतो' एवढंच उत्तर. मंगळवारी पुन्हा 'बघतो'. बुधवारी तेही नाही.

"जाऊ दे गं आई," लेक म्हणाली. "बाबांना द्यायचंच नाहीये. मी वर्षभर कुठेतरी नोकरी करते."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. रडली असती तर समजूत तरी घालता आली असती.

आणखी एक धास्ती होती, ती तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. मॅनेजरचा पगार दाखल्यावर दिसला की फीमाफी गेलीच म्हणायची. कागद नाही मिळाला तर आड, मिळाला तर विहीर.

गुरुवारी अर्धी रजा टाकून ती त्या दुकानात गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ते वर्षापूर्वीच इथून गेले, आता मागच्या रस्त्यावरच्या गोदामात असतात. तिथले मोठे साहेब झाले असतील, असं तिला वाटलं. गोदामात तो ट्रकमधून गाद्या उतरवत होता. कमरेला रुंद पट्टा, शर्ट घामाने चिकटलेला. तिला पाहून त्याने गादी खाली ठेवली, पण पुढे आला नाही. तीच गेली.

"सांगितलंत का नाही?"

"काय सांगू? पोरीला वाटतं, बाप साहेब आहे."

"पोरीला वाटतं, बाप कंजूस आहे."

तो गादीच्या कडेवर बसला. दाखला त्याने मंगळवारीच काढला होता. घडी करून खिशात घेऊन हिंडत होता, पाठवायचा धीर होत नव्हता. त्यावरचा आकडा तिच्या पगाराहूनही कमी होता.

"तिला दाखवू नकोस," तो म्हणाला. तिने दाखला पर्समध्ये ठेवला.

परतताना बसमध्ये तिला एकदम हायसं वाटलं, की आता अर्ज उत्पन्नाच्या मर्यादेत बसेल. आणि कुणाच्या पडत्या काळावर आपण हायसं वाटून घेतोय हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

घरी लेकीने विचारलं, "किती मिनतवाऱ्या केल्यास?" आईने कागद तिच्या हातात दिला. लेकीने तो दोनदा वाचला. मग फोन घेऊन ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. आई ओट्याशी उभी राहून धुतलेलीच भांडी पुन्हा धूत राहिली.

शुक्रवारी अर्ज गेला. त्यानंतरचे अठरा दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. तीन चतुर्थांश फी माफ झाली. उरलेल्या फीचे चार हप्ते पडले. पहिल्या हप्त्याच्या वेळी त्याच्याकडून थोडे पैसे आले, बाकीचे तिने रविवारची कामं घेऊन भरले. दुसऱ्या हप्त्याचं अजून काही ठरलेलं नाही. लेक कॉलेजात जाते, आणि दर शनिवारी बापाला फोन करते.