लीलक्काची पिवळी फिल्म

लीलक्का हूगारची बोटं आठवड्यातले दोन दिवस तरी तपकिरी असायची. गदगच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तिनं एकतीस वर्षं बाटल्या धुतल्या, द्रावणं कालवली. पायरोगॅलॉल नावाच्या पांढऱ्या पुडीशी तिची गट्टी जमली ती तिथंच. सोड्याच्या पाण्यात पडली की ही पूड हवा खाते आणि बघता बघता काळी पडते. प्राध्यापकांना हे पुस्तकातून ठाऊक, लीलक्काला बोटांवरून.

निवृत्त झाल्यावर ती याच पुडीच्या पाण्यात कॅमेऱ्याची फिल्म धुवायला लागली, घरच्या मोरीत, खिडकीला गोधडी लावून. पूड विषारी, हातमोजे घाला म्हणून सून ओरडायची. सूनबाईचं बरोबरच होतं, पण ऐकेल ती लीलक्का कसली! दोन बाटल्यांतलं पाणी ती ऐन वेळी एकत्र करायची, कारण उशीर झाला तर सगळंच फुकट. फिल्म पिवळसर हिरवी होऊन निघायची. जिथं उजेड जास्त, तिथं पिवळेपणाही जास्त.

एका वर्षी तिनं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलमधल्या बायकांचे फोटो काढले. डोक्यावर ऊन, कमरेपर्यंत कापूस आणि त्यात अकरा जणी. फिल्म घेऊन ती शिवानंद अंगडीच्या स्टुडिओत गेली. जिल्ह्याच्या प्रदर्शनाचे फोटो तोच निवडायचा.

त्यानं फिल्म दिव्यासमोर धरली आणि नाक मुरडलं. "अक्का, ही सडली की हो. कावीळ झालीय हिला."

"तुमची फिल्म गोरीपान असते आणि तुमच्या फोटोतला कापूस चुन्याच्या डागासारखा दिसतो. आधी छापून बघा, मग बोला."

"उगाच कागद वाया जाईल."

"कागद माझा. चला."

अंगडी कुरकुरत डार्करूममध्ये शिरला. लाल दिव्याखाली कागद औषधाच्या पाण्यात हलायला लागला आणि हळूहळू कापूस वर आला. नुसता पांढरा गोळा नव्हे, बोंडाबोंडाचा धागा दिसत होता. बायकांच्या पापण्यांवर अडकलेले कापसाचे तंतूसुद्धा दिसत होते. अंगडी कागदावर वाकला.

"पिवळ्या डागानं उजेडाचा भडकपणा मऊ केला, म्हणून पांढऱ्यातले बारकावे पुसले गेले नाहीत," लीलक्का म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"अक्का, हा फोटो प्रदर्शनाच्या दारातच लावतो," अंगडी आवाज उतरवून म्हणाला. "फक्त खाली लिहू, 'अंगडी स्टुडिओत धुतलेला'. मोरीत धुतला म्हटलं तर परीक्षक हसतील हो. नाव तुमचं राहीलच, बारीक अक्षरात."

लीलक्कानं दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले. "ही बोटं कुणाची? तुमची? एकतीस वर्षं माझ्या हातच्या बाटल्यांवर कॉलेजातल्या साहेबांनी आपल्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आता नाही."

"मग प्रदर्शन विसरा."

"विसरले."

कागद वाळल्याबरोबर तिनं तो काखेत मारला. मिल सुटायच्या वेळी तिनं फाटकाशेजारच्या भिंतीवर खळ फासून तो चिकटवला आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'हा फोटो मी काढला, माझ्या मोरीत धुतला. लीलावती हूगार.'

बायका बाहेर पडल्या आणि भिंतीपाशी एकच गलका झाला. "अगं बाई, ही मी!" "तुझं नाक बघ गं!" फकीरव्वा मात्र हसली नाही. ती सगळ्यात वयस्कर, थोडंफार वाचता येणारी. तिनं खालची ओळ बोट लावून वाचली.

"अक्का, नाव तुझं एकटीचं?"

अंगडीला लीलक्का जे सुनावून आली होती, ते तिच्या कानात अजून गरम होतं. ती शरमली, आणि शरमली हे तिनं सरळ सांगूनही टाकलं.

"चुकलंच माझं, फकीरव्वा. सांग एकेकीचं नाव."

फकीरव्वा सांगत गेली आणि लीलक्का लिहीत गेली. अकरा नावं भिंतीवर उतरेपर्यंत एकही बाई घराकडे हलली नाही.