वाळवणाच्या अक्का

पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी अक्कांसमोर उभं राहावं लागे. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात त्या आमच्याहून चार वर्षं पुढच्या, पीएच.डी. करणाऱ्या, पण दारातला थाट नाक्यावरच्या शिपायाचा. "छत्री बाहेर, बूट बाहेर, आणि डोकं वलं असंल तर डोकंबी बाहेर," म्हणत त्या हातात फडकं द्यायच्या. काचेची भांडी, साबणाची पूड, तेल, सगळं दिवसदिवस वाळवत बसायच्या. पाठीमागे आम्ही त्यांना वाळवणाच्या अक्का म्हणायचो, आणि त्यांना ते ठाऊक होतं. मी शिरोळहून भिजत यायचो म्हणून त्यांनी घरून भावाचा एक शर्ट आणून कपाटात ठेवला होता. "पावणं, आधी कोरडं व्हा, मग शास्त्रज्ञ व्हा."

हा हट्ट उगाच नव्हता. अक्का तेलात पाण्याचे इतके बारीक थेंब करायच्या की एकेकात पाण्याचे मोजकेच रेणू मावत. प्रत्येक थेंबाभोवती साबणाच्या रेणूंची भिंत. त्यात एक रंगद्रव्य सोडायचं आणि प्रकाश टाकायचा. मग ते आपला प्रोटॉन शेजारच्या पाण्याला देऊन टाकतं. पेलाभर पाण्यात हे चटकन होतं, त्या इवल्या थेंबात मात्र रेंगाळतं. ते का, हा अक्कांचा विषय. हवेतली ओल आत शिरली की थेंबाचं माप बदलतं आणि महिन्याची मेहनत पाण्यात जाते.

आमचे मार्गदर्शक, म्हणजे मोठे सर, वर्षानुवर्षं लिहीत आले होते की रंगद्रव्य थेंबाच्या मधोमध असतं आणि कोंडलेलं पाणीच सुस्त होतं. अक्कांनी थेंब मोठा केला. आणखी मोठा केला. आता मधलं पाणी पेल्यातल्या पाण्यासारखं वागायला हवं होतं, पण प्रोटॉन काही वेग घेईना. "उगं पाण्याला कशाला बोल लावायचा?" त्या मला म्हणाल्या. "रंगाचा रेणू मधी न्हाईच. भिताडाला चिकटून बसलाय. तितं प्रोटॉन घ्यायला पाणी हाय कुठं?" सरांपुढे हेच त्यांनी शुद्ध मराठीत मांडलं. सर हसले. त्यानंतर अक्कांच्या प्रबंधावर सही काही होईना.

"अक्का, सरांच्या कलानं घ्या की जरा," मी म्हणालो.

"रेणूला सांग तसं. त्यो सरकला तर मीबी सरकते."

प्रकरण विभागाच्या समितीपुढे गेलं. सर म्हणाले, साबण ओला राहिला होता, म्हणून मापं चुकली. तो साबण वाळवायला सहा महिने अक्कांच्या बरोबरीने मी होतो, दुसरं कोणी नव्हतं. समितीने मला विचारलं. माझाही प्रबंध सरांकडेच होता. "मी रोज हजर नव्हतो," मी म्हणालो. मध्ये दोन दिवस गारगोटीला लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाक्य खोटं नव्हतं. असली खरी वाक्यं बोलणाऱ्यांची मला किळस येते, आणि त्यांत पहिला मी आहे. अक्कांची पदवी गेली. त्यांनी मापांची वही कपाटात ठेवली, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या.

मला पदवी मिळाली, नोकरीही तिथेच लागली. पुढे बाहेरचे लोकही रेणू भिंतीपाशी असतो असं दाखवू लागले, तेव्हा सरांना घाई सुटली. त्यांनी अक्कांची वही काढायला लावली. आलेख मी काढले. छापलेल्या शोधनिबंधावर नावं दोनच, सरांचं आणि माझं. वहीत सहाव्या नमुन्याच्या मापावर पेन्सिलीने काट मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'ओल लागली, धरू नये.' ते माप धरलं तर मोठ्या थेंबात प्रोटॉन थोडा चपळ दिसत होता. "असू दे," सर म्हणाले, "आपलं जुनं म्हणणंही थोडं टिकतं." मी ते माप आलेखात ठेवलं.

गेल्या वर्षी कोडोलीला अक्कांना भेटायला गेलो. तिथल्या दूध संकलन केंद्रात त्या दुधाचा आंबटपणा तपासतात. मी वाटभर माफीची वाक्यं जुळवत गेलो होतो. त्यांनी चहा दिला, हातातलं काम संपवलं आणि म्हणाल्या, "पेपर वाचला तुमचा."

"अक्का, तुमचं नाव त्यात..."

"नावाचं ऱ्हाऊ दे. सहावा नमुना वला हाय. चूक झाली म्हणून छापणाऱ्यास्नी पत्र लिव्ह आणि त्यो काढून टाक. कुठंतरी पोरं त्याच्यावर पुढचं काम करत असतील."

"लिहितो," मी म्हणालो.

पत्र लिहायचं तर माप चुकीचं हे कसं कळलं ते सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर वही कोणाची होती हेही. सर आता निवृत्त झालेत, त्यांचं काही बिघडणार नाही. माझी प्रोफेसरपदाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, आणि अर्जात तो निबंध पहिल्या क्रमांकावर आहे. अक्कांचा फोन दोनदा येऊन गेला. मी उचलला नाही.