जोडून सुट्ट्यांचे आडते

वैजनाथअप्पा एसटीत बसले की मांडीवर एक गाठोडं घेत आणि त्यावर दोन्ही हात ठेवत. गाठोड्यात ज्वारी असे, सुरुवातीला बरोब्बर साडेसात किलो. एकदा कंडक्टरनं ते वर फळीवर ठेवायला सांगितलं, तर अप्पा म्हणाले, "लेकरू कुणी फळीवर ठेवतं का?" कंडक्टरनं गाठोड्याकडे पाहिलं, अप्पांच्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिलं आणि तो गुमान पुढच्या सीटकडे गेला. हा किस्सा मला अप्पांनीच सांगितला. कंडक्टरला साधी गोष्ट कळली नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

जिंतूरला आम्ही त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक, आणि आमची ओवी तेव्हा सहा महिन्यांची. अप्पांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान. शेतकऱ्याचं पोतं आलं की त्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर सोयाबीन काढायचं, तळहातावर पसरायचं, एक दाणा दातांनी फोडायचा आणि मगच भाव बोलायचा, यात त्यांची चाळीस वर्षं गेलेली. "नमुना बघितल्याबिगर सौदा न्हाई," हे ते मालाबद्दल म्हणत, डॉक्टरांबद्दल म्हणत आणि भाडेकरूंबद्दलही. आम्हाला खोल्या देण्याआधी ते आमच्या जुन्या घरी दोनदा चहाला येऊन गेले होते.

त्यांचा एकुलता एक मुलगा महेश पुण्यात. त्याचा रुद्र ओवीपेक्षा पंधरा दिवसांनी मोठा. बारशानंतर अप्पांनी नातू पाहिला तो फोनवरच. जोडून सुट्ट्या आल्या की महेश आणि त्याची बायको स्नेहल बाळाला घेऊन कुठल्यातरी थंड, हिरव्या, लहानशा गावी जात आणि तिथून फोटो पाठवत. जिंतूरला या म्हटलं की महेश म्हणे, तिथं बाळाची सोय होणार नाही. अप्पांना हे फार लागलं होतं. ज्या घरात महेश स्वतः रांगला त्याच घरात त्याच्या पोराची सोय होत नाही म्हणजे काय! दुसरा कुणी रुसून बसला असता. अप्पांनी विचार केला, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातंय तर त्या दुकानात काय आहे ते जाऊन बघावं.

नेमके तेव्हाच आम्हीही ओवीला घेऊन पहिल्यांदा कुठं जावं याचा खल करत होतो. मोबाइलवर सगळीच ठिकाणं सुंदर दिसत. अप्पांनी जिन्यातच आम्हाला थांबवलं आणि आधी ते स्वतः जाऊन येतील, मग आम्ही निघावं, असा हुकूम काढला. सुनेला फोन करून रुद्रचं वजन विचारलं, तेवढी ज्वारी दुकानच्या काट्यावर तोलली, बायकोच्या, म्हणजे शांताकाकूंच्या, जुन्या लुगड्यात बांधली आणि म्हैसमाळला निघाले.

काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला कुठं नेलं न्हाई. आता ज्वारीला घेऊन थंड हवेला जायलेत."

म्हैसमाळच्या लॉजवर अप्पांनी खोली दाखवायला सांगितली, गाठोडं पलंगाच्या मधोमध ठेवलं आणि बोटानं ढकललं. ते घरंगळून खाली पडलं. मॅनेजरनं काय चाललंय असं विचारल्यावर त्यांनी लेकरू पडतंय का ते बघतोय असं शांतपणे सांगितलं. मग नळाचं पाणी बोटावर घेऊन चाखलं, खिडकीच्या कडीची उंची हातानं मोजली आणि दूध गरम करून मिळतं का ते दूध गरम करायला लावूनच तपासलं. आम्हाला अहवाल मिळाला तो असा: "हवा एक नंबर. पलंग नापास. गादी खाली टाकून घ्या." आम्ही गेलो, गादी खाली टाकून घेतली आणि तीन दिवस मजेत काढले.

रुद्रचं वजन वाढलं की गाठोड्यात ज्वारी वाढे. लोणारला साडेआठ किलो घेऊन ते पायऱ्या उतरले आणि चढताना चारदा बसले. "तळं बगायचं तर वरूनच बगा," असा शेरा मिळाला. माहूरला कुठल्याशा लॉजवर पलंगावर टॉवेलचं बदक करून ठेवलेलं त्यांना दिसलं. ते त्यांनी तिथल्या माणसाकडून दोनदा करवून घेतलं आणि शिकून आले.

या सगळ्या फेऱ्यांतून त्यांचं स्वतःचं घर हळूहळू बदलू लागलं. गिझर आला, खिडक्यांना जाळ्या आल्या, पलंगाला कठडा आला. गच्चीवरच्या रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या हलल्या आणि नेमगिरीचे डोंगर दिसू लागले. अप्पांनी तिथं वेताच्या दोन खुर्च्या मांडल्या आणि मला बोलावून, "बाई, हे बगा, व्ह्यू," असं म्हणाले. पलंगावर रोज सकाळी टॉवेलचं बदक बसू लागलं. त्याची मान काही उभी राहत नसे, त्यामुळे ते नेहमी आजारी वाटे. या सगळ्याचे फोटो महेशला गेले. महेशनं अंगठा पाठवला, आणि पुढच्या जोडून आलेल्या सुट्टीला ते तिघं पाचगणीला गेले.

त्या दिवशी अप्पा फोन घेऊन वर आले. स्क्रीनवर रुद्र टोपी घालून हिरवळीवर बसला होता. अप्पांनी तो फोटो बोटांनी मोठा केला, खोलीचा कोपरा बघितला, पलंग बघितला.

"बाई, तुमी शिकलेल्या हाव. तिथं असं काय हाय जे आपल्यात न्हाई?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायचं नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघून खोटंही बोलवेना. मी त्यांना म्हैसमाळची गोष्ट सांगितली. तिथं ओवीनं एक दिवस काही म्हणजे काही खाल्लं नाही. मी तिला बिनटोपीची वाऱ्यात फिरवलं, दुपारी चार वाजता आंघोळ घातली, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. इथं मी जिना उतरले की टोपी कुठंय, काजळ का नाही, लेकरू बारीक का दिसतंय, हे प्रश्न पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पुरत. निम्मे गल्लीचे आणि निम्मे अप्पांचे.

"अप्पा, व्ह्यू बघायला आम्ही जात नाही," मी म्हणाले. "तिथं आम्हाला कुणी शिकवत नाही, म्हणून जातो. स्नेहलचंही तेच असणार."

अप्पांनी फोन बंद करून खिशात टाकला. मला वाटलं, संपलं, आता खोल्या रिकाम्या करायला सांगतात. पण ते म्हणाले, "म्हंजे मालात खोट न्हाई. आडत्यातच हाय."

मग त्यांनी सुनेला मेसेज लिहायला मला बसवलं आणि स्वतः सांगितला. इकडं या, तीन दिवस तुला कुणी काही शिकवणार नाही, माझा शब्द आहे. मोंढ्यात अप्पांचा शब्द म्हणजे लिहून दिल्यासारखा असे, पण हा शब्द त्यांना पेलेल असं काकूंना वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला आणि ते तिघं खरंच आले. अप्पांनी खुर्ची थेट फाटकात टाकली. बाळाला बघायला येणाऱ्या बायांना ते लेकरू झोपलंय असं सांगून परत पाठवत, आणि आतून रुद्रच्या किंकाळ्या ऐकू येत असल्या तरी तेच सांगत. घरात असले की तोंडात सुपारी धरून बसत. स्नेहलनं गार दूध पाजलं, ते उठले आणि परत बसले. तिनं पावसाच्या गार वाऱ्यात पोराला उघडंच गच्चीवर नेलं, तेव्हा ते तडक जिना चढून आमच्या स्वयंपाकघरात आले.

"पोराच्या छातीला वारं लागायलंय," ते माझ्या गॅसच्या शेगडीकडे बघत म्हणाले. "मी तिला काही बोललो न्हाई. तुमाला सांगून चाललो."

दिवसातून अशा आठ-दहा फेऱ्या होत. रुद्रला काय घालावं, कसं झोपवावं, कुठल्या कुशीवर, हे सगळं तीन दिवस माझ्या शेगडीनं ऐकलं. रुद्रला साधी शिंकही आली नाही, याचं अप्पांना थोडं वाईट वाटलं असावं, असा माझा संशय आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे गच्चीवर होतो. गाडीत सामान भरून झालं होतं. स्नेहल रुद्रला मऊ भात भरवत होती आणि तो तोंड फिरवत होता. एक घास, दोन घास, तिसरा तिच्याच ओढणीवर. अप्पा समोरच्या खुर्चीत ओठ घट्ट मिटून डोंगर बघत होते. अचानक स्नेहलनं वाटी खाली ठेवली आणि तिचे डोळे भरून आले.

"अप्पा, माझं काही चुकलं का? तीन दिवस झाले, तुम्ही माझ्याशी धड एक शब्द बोलला नाहीत. रागावलात का माझ्यावर?"

महेश माझ्याकडे बघू लागला, मी काकूंकडे. अप्पांनी गडबडीत सुपारी गिळली आणि ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते अगदी हळू म्हणाले,

"रागावलो न्हाई गं पोरी. मी बी सुट्टीवर हाय."

स्नेहल डोळे पुसता पुसता हसू लागली. तिनं रुद्रला उचललं आणि वाटीसकट त्यांच्या मांडीवर ठेवलं. "मग आता सुट्टी संपली," ती म्हणाली. "कसं भरवायचं ते सांगा."

अप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. मी मान हलवली. त्यानंतर ते जे बोलायला लागले ते गाडी फाटकाबाहेर पडायला दीड तास उशीर होईपर्यंत थांबले नाहीत, आणि रुद्रनं वाटीतला सगळा भात खाल्ला.