वायव्येचा शोषखड्डा

नारायण पेठेतला फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही धायरीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर छोटं घर बांधलं. तिथे अजून ड्रेनेजची लाइन पोचलेली नाही. म्हणून सेप्टिक टँक, आणि त्यातून येणारं पाणी जमिनीत मुरायला शोषखड्डा. त्याची जागा वास्तुवाल्यांनी ठरवली: वायव्य कोपरा. आमच्या जमिनीचा उतार वायव्येकडेच आहे, आणि त्या कोपऱ्याखाली, बांधापलीकडे, शेजारच्या वहिनींची विहीर. त्यांचं सगळं घर तेच पाणी पितं. मला विहीर दिसत होती. मी शाळेत भूगोल शिकवतो. तरी मी तोंड उघडलं नाही.

जमिनीची चाचणी मात्र केली होती. वैशाखात. दोन पुरुष खोल खड्डा खणून त्यात टँकरचं पाणी ओतलं, ते बघता बघता जिरलं. कॉन्ट्रॅक्टर खूश होऊन म्हणाला, "साहेब, जमीन नुसती तहानलीय." वैशाखात कुठली जमीन तहानलेली नसते? पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो.

श्रावणात संडासातलं पाणी खाली जाईना. रविवारी सकाळी मी शोषखड्ड्याशेजारी कुदळीने खणून पाहिलं. जेमतेम गुडघाभर खणलं असेल, तेवढ्यात तळातून पाणी झिरपायला लागलं. म्हणजे आमचा अख्खा खड्डा भूजलात बुडालेला होता. काही गाळून, मुरून जात नव्हतं. जे जात होतं ते थेट उताराने खाली. बांधावरून विहिरीकडे नजर टाकली. पाणी वरच्या पायरीला टेकलं होतं.

"अहो, बघत काय बसलात? त्यांना सांगून या," बायको म्हणाली.

"आधी पाणी तपासून घेऊ. उगाच घाबरतील."

"घाबरलात तुम्ही. ते तर पाणी पितायत."

तरीही मी गेलो नाही. बायकोला म्हटलं, मी बघतो. सोमवारी नमुन्याची बाटली घेऊन विहिरीवर गेलो. वहिनींची सून वरच्या पायरीवरूनच कळशी भरत होती, कडेवर तान्हं बाळ.

"कशाला हो काका पाणी?"

"शाळेत प्रयोगाला."

ती हसली आणि त्याच पाण्याने बाळाची दुधाची बाटली विसळू लागली. मी तिच्यादेखत माझी बाटली भरली, बूच लावलं आणि प्रयोगशाळेत देऊन आलो. त्या एका वाक्याची मला अजून शिसारी येते.

मंगळवारी सकाळी बांधापलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं. नेहमीचं नव्हतं, दमलेलं होतं. वहिनी अंगणात लंगोट धूत होत्या. "पोट बिघडलंय त्याचं पहाटेपास्नं," त्या म्हणाल्या. तेव्हा मात्र मी सगळं सांगितलं. खड्डा, उतार, पाणी.

त्यांनी हातातला लंगोट खाली ठेवला. "कवा कळलं?"

"रविवारी."

"आज मंगळवार हाय." मग त्या आत ओरडल्या, "ए, बाटली टाकून दे! हंडा ओत सगळा!" आणि माझ्याकडे वळून, "काल नेलेलं पानी शाळंसाठी न्हवतं तर. पोरांना बी असंच शिकिवता व्हय, मास्तर?"

मी गाडी काढली. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, मीठ-साखरेची पुडी दिली. म्हणाले, कारण काहीही असू शकतं, पण दुपारपर्यंत लघवी झाली नाही तर ॲडमिट करू. बाळाचे ओठ सुकले होते. सून चमच्याचमच्याने पाणी पाजत होती, वहिनी दर थोड्या वेळाने लंगोट चाचपत होत्या. कोरडा. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगायची लाज वाटते. त्यातलं निम्मं बाळासाठी होतं, निम्मं मी सुटावं म्हणून.

परत येताना सिंहगड रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. मागच्या सीटवरून सून पुटपुटली, "आत्या, ओलं केलं."

वहिनींनी डोळे मिटले. मी गाडी बाजूला घेतली.

"चला आता," थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या. "पानी भरायचं हाय. तुमीच आणायचं. आन् रिपोर्ट आला की आधी मला सांगायचं, बायकोला मागनं."

रिपोर्ट अजून यायचा आहे. आमच्या संडासाला कुलूप आहे. सकाळ-संध्याकाळ मी कॅन घेऊन बांध ओलांडतो, आणि पलीकडे बाळ रडलं की जागच्या जागी थांबतो, रडणं कसलं आहे ते नीट कळेपर्यंत.